रोलची कातडी आणि रोलचा गाभा: हॉट रोलिंगच्या रोलमधल्या उष्णताजन्य ताणांचं मॉडेल, पायरीपायरीने

तळोज्याच्या एखाद्या रोलिंग मिलमध्ये स्टँडमधून (रोल बसवायच्या चौकटीतून) उतरवलेला रोल जवळून पाहा. बॅरलवर (पट्टी दाबणाऱ्या मधल्या जाड भागावर) बारीक भेगांचं जाळं दिसेल, उन्हाने तडकलेल्या तळ्याच्या गाळासारखं. हेच फायर क्रॅक. टर्निंगला (लेथवर) गेल्यावर त्या भेगा जाईपर्यंत माल काढावा लागतो आणि अशा दर ड्रेसिंगला रोलचं आयुष्य कमी होतं. किती माल काढावा लागेल, पाणी कुठे मारावं, थंड रोल किती वेगाने तापवावा, या प्रश्नांची उत्तरं संगणकावर काढता येतात. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर असलंच पाहिजे असं नाही. रोलचे बारीक तुकडे पाडून हिशोब करणारं कॅल्क्युलिक्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि या कामाला ते पुरतं.

मात्र सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करा. रोलमध्ये दोन घड्याळं चालतात. कातडीचं घड्याळ मिलीसेकंदांचं आहे आणि गाभ्याचं तासाचं. दोन्ही एकाच मॉडेलमध्ये कोंबायला गेलात तर गणित आठवडाभर चालेल आणि उत्तरही चुकेल. म्हणून मॉडेल दोन करायची, आणि ती एकमेकांना जोडायची.

आधी कागदावर

सगळ्या लेखात एकच उदाहरण धरू: दोन रोलचा स्टँड, रोल ४०० मि.मी. व्यासाचा, फोर्ज्ड (घडवलेल्या) स्टीलचा. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २ मीटर. १०० मि.मी. रुंद पट्टी १,००० अंश सेल्सिअसला आत येते आणि एका पासमध्ये (रोलमधून एकदा जाताना) ८ मि.मी. दबते.

संपर्काची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले पट्टी जेवढी दबते ते, त्याचं वर्गमूळ: √(२०० × ८) = ४० मि.मी. कोनात हे साडेअकरा अंश होतात. वेगाने भागलं की संपर्काचा वेळ २० मिलीसेकंद. परीघ १,२५७ मि.मी., म्हणजे एक फेरा ०.६३ सेकंदाचा.

आता उष्णता किती खोल जाते ते पाहू. स्टीलची वाहकता ४२ वॅट प्रति मीटर प्रति अंश, घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्णता ४८० ज्यूल प्रति किलो प्रति अंश धरली, तर औष्णिक विसरणशीलता (उष्णता पसरण्याच्या वेगाचं माप) सेकंदाला सुमारे ११ चौ.मि.मी. येते. विसरणशीलता गुणिले वेळ, त्याचं वर्गमूळ काढलं की खोलीचा अंदाज मिळतो:

संपर्कात, २० मिलीसेकंदांत: साधारण ०.५ मि.मी.
एका फेऱ्यात: साधारण २.६ मि.मी.
गाभ्यापर्यंत, २०० मि.मी.: लागणारा वेळ ३,६०० सेकंद, म्हणजे तास.

त्या तासात रोल पाच हजार सातशेच्या वर फेरे मारतो. दोन घड्याळं म्हणतात ती ही. मेश (हिशोबासाठी पाडलेले रोलचे तुकडे, म्हणजे एलिमेंट), टाइम स्टेप (हिशोबातली वेळेची एक पायरी), पाण्याच्या हेडरची (फवाऱ्याच्या नळीची) जागा, पुढचे सगळे निर्णय या तीन आकड्यांवरून होतात.

पृष्ठभाग किती तापतो

दोन पिंड एकदम घट्ट चिकटले तर मधल्या पृष्ठाचं तापमान लगेच ठरतं. प्रत्येक पिंडासाठी वाहकता × घनता × विशिष्ट उष्णता यांचं वर्गमूळ काढा. त्याला ब म्हणू. गरम पट्टीसाठी (वाहकता २८, घनता ७,५००, विशिष्ट उष्णता ६२०) ब सुमारे ११,४०० आणि रोलसाठी सुमारे १२,६००. रोल ६० अंशांवर असेल तर दोघांची भारित सरासरी ५०७ अंश येते. संपर्कातून येणाऱ्या उष्णतेपुरती ही वरची मर्यादा आहे. घर्षणाची आणि पट्टीच्या विरूपणाची उष्णता त्यात वेगळी मिळवावी लागते.

प्रत्यक्षात मध्ये स्केल (गरम पट्टीवरची ऑक्साइडची पापडी) असतं. ५० मायक्रॉन जाडीच्या स्केलची वाहकता २.५ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली, तर त्या थराचा उष्णता-गुणांक (दर अंश फरकाला किती उष्णता जाते ते) ५० किलोवॅट प्रति चौ.मी. प्रति अंश येतो. स्केल १०० मायक्रॉन झालं की तो निम्मा होतो. म्हणून संपर्क-गुणांक २० ते ६० किलोवॅटच्या पट्ट्यात ठेवून चाचणी करायची. डिस्केलिंग (स्केल काढणं) चांगलं झालं तर मालाचा पृष्ठभाग सुधारतो, पण रोलला जास्त चटका बसतो. हेही लक्षात ठेवा.

गुणांक दिला की पृष्ठभागाचं तापमान स्प्रेडशीटमध्ये निघतं:

क्ष = संपर्क-गुणांक × (१/ब-रोल + १/ब-पट्टी) × √वेळ
पृष्ठ = ६० + (५०७ − ६०) × [१ − एक्स्प(क्ष²) × ईआरएफसी(क्ष)]

२० मिलीसेकंदांच्या शेवटी उत्तरं अशी येतात: गुणांक २० किलोवॅट असेल तर सुमारे २२५ अंश, ४० असेल तर ३१०, ६० असेल तर ३५५. एक्स्प आणि ईआरएफसी ही स्प्रेडशीटमधली EXP आणि ERFC फंक्शन्स. गुणांक वॅटमध्ये टाकायचा, किलोवॅटमध्ये नाही. सुरुवातीचं तापमान ६० ठेवून तुमच्या मॉडेलचं पहिल्या फेऱ्याचं उत्तर या आकड्यांच्या पाच-सात अंशांत आलंच पाहिजे. आलं नाही तर पुढे जाऊ नका. मेश किंवा बाउंड्री कंडिशन (पृष्ठभागावर लावलेली उष्णतेची अट) चुकली आहे.

इथली सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पट्टीचं तापमान संपर्कभर १,००० अंश स्थिर धरणं. पट्टीची कातडीही त्याच २० मिलीसेकंदांत थंड होते. ती स्थिर धरली तर ४० किलोवॅटला रोलचा पृष्ठभाग ३१० ऐवजी ३९६ अंश दिसतो. ८६ अंशांचा हा फरक ताणात जवळजवळ ३०० मेगापास्कल होतो. एवढ्या फरकाने रोल वाचतो की यील्ड होतो (कायमचा विकृत होतो), हा निकालच उलटू शकतो. म्हणून मॉडेलमध्ये पट्टीचाही काही मिलिमीटरांचा थर घ्या, किंवा वरच्या सूत्रातून उष्णतेचा प्रवाह वेळेनुसार काढून तोच थेट लावा. दुसरा मार्ग सोपा आहे, आणि सुरुवातीला तोच बरा.

गाभ्याचं मॉडेल

हे अ‍ॅक्सिसिमेट्रिक (अक्षाभोवती सगळीकडे सारखं) करा: बॅरल, नेक (बेअरिंगमध्ये बसणारा बारीक भाग) आणि त्यांच्या मधली फिलेट (गोलाई दिलेल्या कोपऱ्याची) त्रिज्या. पट्टी मधोमध असेल तर अर्धा रोल पुरतो. इथे फेऱ्यांचा विचार करायचा नाही, फेऱ्यातली उष्णता सरासरीने पसरवायची.

४० किलोवॅटला एका फेऱ्यात रोल दर चौ.मी.ला सुमारे ०.४३ मेगाज्यूल उष्णता घेतो. फेऱ्याच्या वेळेने भागलं की सरासरी ०.६८ मेगावॅट प्रति चौ.मी. हा प्रवाह पट्टीच्या रुंदीवरच लावायचा, पूर्ण बॅरलवर नाही. मिल सतत चालत नाही. दोन पट्ट्यांमध्ये मोकळा वेळ जातो. रोलमध्ये माल असण्याचं प्रमाण ४० टक्के धरलं तर प्रवाह ०.२७ होतो. हे प्रमाण अंदाजाने टाकू नका. घड्याळ घेऊन शॉपमध्ये अर्धा तास उभं राहून मोजा. मॉडेलमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा हाच आहे.

आता पाणी. स्प्रे ज्या भागावर पडतो तिथे गुणांक १० ते २० किलोवॅट असू शकतो, पण परिघाची सरासरी घेतली तर तो बराच खाली येतो. ५ किलोवॅट धरला तर रोल पाण्यापेक्षा ५५ अंशांनी वर राहील. हेडरचं पाणी ३२ अंशांचं असेल तर रोलचं सरासरी तापमान ८७. आपण ६० धरलं होतं. आता ८७ धरून पुन्हा प्रवाह काढा. तो तीनच टक्के कमी होतो आणि तापमान ८५ येतं. दोन फेऱ्यांत हिशोब जुळतो.

पाण्याचं तापमान पुस्तकातून २० किंवा २५ घेऊ नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हवा खाडीची, दमट. कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या ओल्या-बल्ब तापमानाच्या (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्याच्या) खाली जाऊच शकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये ते तापमानच चढलेलं असतं. थर्मामीटर सम्पमध्ये (पाण्याच्या टाकीत) नाही, स्प्रे हेडरच्या तोंडाशी लावा. पाणी ७-८ अंशांनी गरम झालं की रोलचा गाभाही तेवढाच वर जातो. रोल थंड असताना जुळवलेली दोन रोलमधली फट मग जुळत नाही, कारण ४०० मि.मी. व्यासाचा रोल ५० अंश तापला की व्यास जवळपास पाव मिलिमीटर वाढतो.

एक ताळेबंद इथेच करून घ्या. पट्टी चालू असताना एका रोलमध्ये जाणारी उष्णता: ०.६८ मेगावॅट × १.२५७ मी. × ०.१ मी. = सुमारे ८६ किलोवॅट. पाणी १० अंश तापू द्यायचं असेल तर मिनिटाला साधारण १२० लिटर लागतं. तुमच्या पंपातून एका रोलला प्रत्यक्षात त्याच्या निम्मंच पोचत असेल तर मॉडेलमध्ये स्प्रेचा मोठा गुणांक टाकण्याचा तुम्हाला अधिकार नाही.

नेकवर चॉकमधल्या (बेअरिंगच्या घरातल्या) बेअरिंगचं मोजलेलं तापमान लावा. अक्षाच्या दिशेने एक बाजू मोकळी सोडा. बहुधा ड्राइव्हच्या बाजूचा चॉक सरकू शकतो.

कातडीचं मॉडेल

हे आडव्या छेदाचं, द्विमितीय. पूर्ण वर्तुळ घ्या, पण आतला भाग ढोबळ चालेल. बाहेरचा पहिला थर ०.०५ मि.मी. जाडीचा, नंतरचा प्रत्येक थर १.२ पटीने जाड. असे १७ थर झाले की ५ मि.मी. खोली झाली. संपर्काच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये सहा थर येतात. त्यापेक्षा कमी ठेवू नका. परिघावर पाव अंशाला एक एलिमेंट, म्हणजे १,४४० एलिमेंट आणि संपर्कात ४६.

टाइम स्टेप असा घ्या की एका स्टेपमध्ये रोल एक एलिमेंट फिरेल: ०.४४ मिलीसेकंद. स्टेप फार बारीक केला तरी बिघडतं. पृष्ठभागाखालचा एखादा नोड गरम व्हायच्या ऐवजी सुरुवातीच्या तापमानापेक्षा थंड झालेला दिसतो. कारण असं की स्टेपसाठी एक खालची मर्यादा असते: घनता × विशिष्ट उष्णता × एलिमेंटच्या जाडीचा वर्ग ÷ (६ × वाहकता). आपल्या जाडीला ती ०.०४ मिलीसेकंद येते, म्हणजे आपण दहापट वर आहोत. पण कुणी घाईत ०.५ मि.मी.चे एलिमेंट ठेवले तर मर्यादा शंभर पटीने वाढून जवळपास ४ मिलीसेकंद होते, आणि तोच ०.४४ चा स्टेप चुकीचा ठरतो. असं दिसलं तर स्टेप वाढवू नका, मेश बारीक करा.

रोल फिरवायची गरज नाही. बाउंड्री कंडिशन फिरवा. कॅल्क्युलिक्स आणि अबॅकस दोन्हींत फिल्म नावाचं यूझर सबरूटीन (आपण स्वतः लिहायचा छोटा प्रोग्राम) आहे. त्यात पृष्ठभागावरच्या त्या बिंदूचा कोन अधिक कोनीय वेग गुणिले वेळ असा हिशोब करून त्या कोनाला कोणता गुणांक आणि कोणतं तापमान ते द्यायचं. ० ते ११.५ अंश संपर्क (थेट प्रवाह लावत असाल तर या भागासाठी डीफ्लक्स सबरूटीन), पुढे गाईडमुळे (पट्टीला वाट दाखवणाऱ्या पट्टीमुळे) कोरडा राहिलेला पट्टा, मग स्प्रे, उरलेल्या भागात ओघळणारं पाणी आणि हवा. प्रत्येक भागाचा कोन स्टँडच्या ड्रॉइंगवरून घ्या. ड्रॉइंग नसेल तर रोल थांबवून खडूने खुणा करा.

सुरुवातीचं तापमान गाभ्याच्या मॉडेलमधून आलेलं ८५ ठेवा आणि आठ-दहा फेरे चालवा. सलग दोन फेऱ्यांचा कमाल आकडा एका अंशाच्या आत आला की थांबा.

स्प्रेची जागा तपासायला हेच मॉडेल वापरा. पट्टी बाहेर पडताच उष्णता अर्ध्या मिलिमीटरमध्ये असते, फेऱ्याच्या शेवटी ती अडीच मिलिमीटर खोल गेलेली असते. म्हणून बाहेर पडणाऱ्या बाजूला, गाईडला शक्य तितकं जवळ मारलेलं पाणी सर्वांत जास्त उष्णता उचलतं. आत शिरणाऱ्या बाजूचं पाणी रोलपेक्षा पट्टीलाच थंड करतं.

ताण

तापमान आधी, ताण नंतर. एकत्र सोडवण्याची गरज नाही, कारण रोलच्या एवढ्याशा विरूपणाने तापमान बदलत नाही. तापमानाची फाइल ताणाच्या मॉडेलला वाचायला द्यायची.

कातडी तापते तेव्हा तिला पसरायचं असतं आणि खालचा थंड रोल तिला पसरू देत नाही. परिघ आणि अक्ष, दोन्ही दिशांनी दाब येतो: ई × प्रसरणांक × तापमानवाढ ÷ (१ − प्वासाँचा गुणांक). ई म्हणजे लवचिकतेचा यंगचा गुणांक, प्वासाँचा गुणांक म्हणजे एका दिशेने ताणल्यावर पदार्थ आडवा किती आकसतो ते. ई २०० गिगापास्कल, प्रसरणांक १२ मायक्रॉन प्रति मीटर प्रति अंश आणि प्वासाँ ०.३ धरला तर दर अंशाला ३.४ मेगापास्कल. पृष्ठभाग २५० अंशांनी वाढला तर साधारण ८५० मेगापास्कल दाब. मॉडेलचं लवचिक उत्तर याच्या जवळ यायला हवं.

द्विमितीय छेदात प्लेन स्ट्रेन (छेदाला आडवी विकृती शून्य धरणारा पर्याय) निवडणं ही दुसरी नेहमीची चूक. प्लेन स्ट्रेनमध्ये रोलला लांबायलाच मनाई असते. नुसता गाभा ४० अंशांनी तापला तरी ९६ मेगापास्कलचा खोटा अक्षीय दाब सगळीकडे दिसतो. खरा रोल मोकळेपणाने लांबतो. म्हणून जनरलाइज्ड प्लेन स्ट्रेन वापरा, ज्यात रोल सगळीकडे सारखा लांबू शकतो. अबॅकस आणि अ‍ॅन्सिसमध्ये त्याचे तयार पर्याय आहेत. कॅल्क्युलिक्समध्ये एक एलिमेंट जाडीची त्रिमितीय चकती घ्या आणि तिच्या एका बाजूचे सगळे नोड अक्षाच्या दिशेने सारखेच हलतील अशी इक्वेशन कंडिशन लावा.

प्रसरणांक टाकतानाही सांभाळा. रोल पुरवणाऱ्याचे आकडे बहुधा २० अंशांपासूनच्या सरासरीचे असतात. सॉफ्टवेअरमध्ये प्रसरण शून्य धरायचं तापमानही तेच २० अंश द्यावं लागतं, नाहीतर सगळी गणना सरकते.

लवचिक ताण त्या तापमानाच्या यील्डपेक्षा जास्त येत असेल तर प्लास्टिक (कायमची विकृती धरणारं) मॉडेल हवं, आणि तेही कायनेमॅटिक हार्डनिंगचं, म्हणजे एका दिशेने यील्ड झाल्यावर उलट दिशेची यील्ड लवकर येते असं धरणारं. आयसोट्रॉपिक (दोन्ही दिशांना सारखा कडक होतो असं धरणारं) घेतलं तर दोन-चार फेऱ्यांत पदार्थ खोटाच कडक होतो आणि चित्र गोंडस दिसतं. घडतं असं: गरम कातडी दाबाखाली कायमची थोडी आखडते. थंड झाल्यावर तिला मूळ जागा भरून काढता येत नाही आणि ती खेचली जाते. भेग उघडते ती थंड होताना, या खेचीत. म्हणून निकालात कमाल वॉन मिसेस (सगळ्या दिशांच्या ताणांचा एकत्रित आकडा) पाहून थांबू नका, त्याला खेच-दाब कळत नाही. परिघाच्या आणि अक्षाच्या दिशेचा ताण चिन्हासकट, संपूर्ण फेऱ्याचा आलेख काढून पाहा. चढ-उताराची व्याप्ती यील्डच्या दुपटीच्या आत असेल तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर नवी प्लास्टिक विकृती थांबते आणि भेगा थकव्याने, सावकाश येतात. बाहेर गेली तर प्रत्येक फेरा नुकसान करतो. आठ तासांच्या पाळीत ४० टक्के माल धरला तरी अशी सुमारे अठरा हजार आवर्तनं होतात.

दोन प्रसंग वेगळे चालवाच

पहिला, थंड रोलची सुरुवात. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत बाहेरचा भाग तापलेला आणि गाभा थंड असतो. अशा वेळी गाभ्यात अक्षाच्या दिशेने खेच येते. तापमान आत पॅराबोलासारखं उतरत असेल तर ती वरच्या ३.४ च्या निम्मी: ७० अंशांच्या फरकाला १२० मेगापास्कल. फोर्ज्ड रोल हे सहज सोसतो. पण कास्ट रोलच्या कास्ट आयर्न गाभ्यात ओतकामाचे जुने ताण आधीच असतात, त्यात ही भर पडली की बॅरल आडवा, एकाच घावात तुटतो. गाभ्याच्या मॉडेलमध्ये पहिला तास मिनिटामिनिटाने चालवा आणि मालाचं प्रमाण हळूहळू वाढवून सुरक्षित वेळापत्रक ठरवा. कास्ट रोलसाठी ई आणि वाहकता दोन्ही कमी घ्या. फोर्ज्डचे आकडे चालणार नाहीत.

दुसरा, कॉबल (रोलमध्ये माल अडकणं). वीज गेली, पट्टी रोलमध्ये अडकली. ३० सेकंदांत उष्णता १८ मि.मी. खोल जाते आणि पृष्ठभाग ५०० कडे सरकतो. लवचिक हिशोबाने १,४०० मेगापास्कलच्या वर जातो, म्हणजे कातडी नक्की यील्ड होते. त्यात पंप परत सुरू होऊन त्याच तापलेल्या पट्ट्यावर पाणी पडलं की पाणी देऊन कडक केल्यासारखं होतं. मॉडेलमध्ये दोन्ही चालवा: लगेच पाणी, आणि पट्टी काढून रोल कोरडा सावकाश फिरवल्यावर पाणी. खेचीतला फरक आलेखात दिसेल. तो छापून ऑपरेटरच्या केबिनमध्ये लावा. शिवाय त्या रोलची डाय पेनिट्रंट (रंगद्रव्याने भेगा दाखवणारी) तपासणी झाल्याशिवाय तो पुन्हा लोडवर घेऊ नका.

मोजमापाशी जुळवणी

मिल थांबवून संपर्क-थर्मामीटरने रोल मोजला तर तो कातडीचा कमाल आकडा कधीच दाखवणार नाही. ५ मि.मी.पर्यंतचा फरक दोन-तीन सेकंदांत मिटतो. पाणी बंद करून अर्ध्या मिनिटाने आलेलं माप गाभ्याच्या मॉडेलच्या पृष्ठभागाजवळच्या तापमानाशी ताडून पाहायचं. बॅरलवर अक्षाच्या दिशेने दर ५० मि.मी.ला एक माप घ्या, म्हणजे पट्टीच्या कडेचा उतारही जुळतो. इन्फ्रारेड बंदूक ओल्या, चकचकीत रोलवर भरवशाची नाही.

कातडीच्या मॉडेलची परीक्षा टर्निंगवाल्याकडे होते. भेगा संपेपर्यंत किती माल काढला, ते प्रत्येक ड्रेसिंगला त्रिज्येत लिहून ठेवायला सांगा, सोबत किती टन माल गेला तेही. मॉडेलमधली प्लास्टिक खोली ०.३ मि.मी. आणि पहिल्या भेगा ०.३-०.४ मध्ये संपत असतील तर संपर्क-गुणांक बरोबर बसला. भेगा १ मि.मी.पर्यंत जात असतील तर गुणांक वाढवण्याआधी कॉबलची नोंदवही उघडा. बहुतेक वेळा खोल भेगांचं मूळ रोजच्या फेऱ्यांत नसतं, एखाद्या अडकलेल्या पट्टीत असतं. नोझल चोंदलेले असतील तर भेगांची पट्टी नेमकी त्या नोझलच्या रेषेत येते, तेव्हा बॅरलवरची जागाही लिहा.